गच्चीवरचा वैद्य

प्रश्न : वय ४१, बँकेत नोकरी. पुतण्या आणि त्याचे मित्र रविवारी लाइव्ह अ‍ॅक्शन रोलप्ले (वेश करून, एखादं पात्र बनून वावरायचा खेळ) खेळतात, मलाही बोलावतात. नाटकात कधी काम केलेलं नाही. हसं होईल का?
– एक वाचक, नौपाडा

उत्तर : होईल, पहिली दहा मिनिटं. माझंही झालं. कोपरीतल्या एका गच्चीवर मी गावचा वैद्य होतो. अंगावर बायकोची जुनी शाल, कमरेला हळदीची पुरचुंडी. संवाद पाठ करायचे नसतात, समोर प्रेक्षक नसतात, तेव्हा गडकरी रंगायतनची धास्ती नको. आपल्या पात्राला काय हवंय एवढं ठरवा, बाकी समोरचा बोलायला लावतो. माझ्याकडे जखमी शिपाई आला, मी आधी त्याची जुनी उधारी काढली!

तलवार घरी होते : पीव्हीसी पाइप, त्यावर फोम, वरून डक्ट टेप. टोकाला फोम जास्त. डोक्यावर वार नाही, हे आधीच बोलून घ्या. इंग्लंडात १९८२मध्ये ‘ट्रेझर ट्रॅप’ या रोलप्ले गटवाले पेकफर्टन किल्ल्यात खेळायचे, आपल्याला गच्ची पुरते. येऊरच्या जंगलात मात्र जाऊ नका, बिबट्याला तुमचं पात्र कळत नाही.

आणि वॉचमनला आधी सांगून ठेवा. आम्ही सांगितलं नव्हतं.