काउराला येताय? मग जपानी जेवणाची ओळख हवीच

नर्सच्या नोकरीवर तुम्ही काउराला येताय, मुलगा सोबत आहे. एवढंसं गाव आपल्याला सामावून घेईल का आणि खाण्यापिण्याचं कसं, असं तुम्ही विचारलंय. शिवाय तुमचे पणजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून जपान्यांशी लढले, म्हणून हाही प्रश्न, की ऑस्ट्रेलियातल्या या आडगावाला जपानी बागेचं आणि जपानी उत्सवाचं एवढं कौतुक कशाला? आधी हेच सांगते, बाकीची उत्तरं त्याच्या ओघात येतील.

मार्च १९४४ मध्ये मराठ्यांची चौथी बटालियन मणिपुरात सांगशाकला जपान्यांशी झुंजत होती. त्याच वर्षी ५ ऑगस्टच्या पहाटे काउराच्या युद्धकैद्यांच्या छावणीत शेकडो जपानी कैदी काटेरी तारांवर तुटून पडले. २३१ जपानी आणि ४ ऑस्ट्रेलियन सैनिक मेले. निसटलेले काही जण उपाशीपोटी शिवारात भटकत होते. त्यांतले काही वेअर कुटुंबाच्या शेतावर आले, तेव्हा घरच्या बाईंनी त्यांना ताब्यात देण्याआधी चहा आणि स्कोन नावाचे छोटे पाव खाऊ घातले. गावात आजही ही गोष्ट सांगतात.

सगळ्यांचंच मन एवढं मोठं होतं असं समजू नका. जपान्यांच्या कैदेत बावीस हजारांवर ऑस्ट्रेलियन गेले आणि त्यांतले सुमारे आठ हजार परत आले नाहीत. तरीही जपानी कबरींची निगा राखायला सुरुवात केली ती इथल्याच माजी सैनिकांनी. १९६४ मध्ये रीतसर जपानी दफनभूमी झाली, १९७९ मध्ये जपानी उद्यानरचनाकार केन नाकाजिमा यांनी आखलेली बाग खुली झाली. पण मला विचाराल तर खरा फरक पडला तो १९७० पासून, काउरा हायस्कूल आणि तोक्योच्या सेइकेई शाळेत मुलांची देवाणघेवाण सुरू झाली तेव्हा. परक्याचं पोर घरात राहायला आलं की त्याला काय आवडतं, काय चालत नाही, हे विचारावंच लागतं. मानवंदनेच्या कार्यक्रमात ते होत नाही.

आमच्या ओळखीच्या एक जपानी बाई दरवर्षी साकुरा मात्सुरीच्या, म्हणजे चेरीच्या फुलांच्या उत्सवाच्या, आधी दोघी-तिघींना ओनिगिरी म्हणजे भाताचे गोळे वळायला बोलावतात. हात मिठाच्या पाण्यात बुडवायचे, वाफाळता भात तळहातावर घ्यायचा, मधोमध उमेबोशी म्हणजे खारवलेलं आंबट फळ, आणि तीन-चार दाबांत त्रिकोण तयार. भात आपल्या इंद्रायणीसारखा चिकटच हवा. बासमती नेलात तर सगळा हातातून सुटेल. तिथे एक बाई येतात, त्यांचे वडील जपान्यांनी युद्धकैद्यांकडून बांधून घेतलेल्या बर्मा रेल्वेवरून जिवंत परतलेले. घरात जपानी वस्तू आणायची नाही, असा वडिलांचा आयुष्यभराचा दंडक होता. लेक मात्र तिथे करी-राइस मागून घेते. वडिलांचं चुकलं असं ती कधी म्हणत नाही, आणि तिला कोणी म्हणायलाही लावत नाही. तुम्हीही कोणाला समजवायला जाऊ नका. पणजोबांबद्दल मात्र खुशाल बोला, लोक मन लावून ऐकतात.

तुम्ही शाकाहारी असाल तर एक लक्षात ठेवा: मिसो सूप दिसतं साधं, पण त्याचं पाणी म्हणजे दाशी बहुतेक वेळा सुक्या बोनिटो माशाची असते. नुसत्या कोम्बू शेवाळाची मिळेल का, हे आधीच विचारायचं, त्यात कोणाला राग येत नाही. इनारी-झुशीच्या तळलेल्या टोफूच्या पिशव्याही बऱ्याचदा दाशीतच शिजवतात, म्हणून तिथेही हाच प्रश्न.

बोलावण्याची वाट पाहत बसाल तर वर्ष जाईल. इथे चारजण जमले की प्रत्येकानं घरून काहीतरी करून न्यायचं असतं. साबुदाणा वडे न्या, कोथिंबीर वड्या न्या. तिखट निम्म्यावर आणा, पण चव आपलीच ठेवा.

बाकी थोडक्यात. गाडीशिवाय चालणार नाही, आणि तिन्हीसांजेला कांगारू रस्त्यावर येतात तेव्हा हळू चालवा. आपल्या वाणसामानासाठी कॅनबेरा गाठावं लागतं, ते १९० किलोमीटर. महिन्याची खरेदी एकदम करा. इथे जुलैत हिवाळा असतो, दव गोठतं, रजया आणा. कुकरच्या जादा शिट्ट्या आणि रबरी रिंगा नक्की आणा. मुलगा हायस्कूलला गेला की देवाणघेवाणीबद्दल शाळेत पहिल्याच वर्षी विचारून ठेवा, आणि तुमच्या घरी पाहुणा विद्यार्थी ठेवता येईल का हेही.