मे महिन्यातली पार्टी आणि दुपारीच मान टाकणारी फुलं

प्रश्न : ताई, आम्ही घोडबंदर रोडला राहतो. लेकीचा पहिला वाढदिवस मे महिन्यात आहे, सोसायटीच्या हॉलमध्ये, साधारण ४० माणसं. डेकोरेटरचा आकडा ऐकूनच ठरवलं की फुलं आपणच लावायची, ५०० रुपयांच्या आत. पण मागच्या वर्षी अहोंच्या वाढदिवसाला सकाळी लावलेले जरबेरा जेवणं व्हायच्या आधीच वाकले. काय चुकलं आणि आता काय घेऊ?

उत्तर : अगं, जरबेराचं फूल जड आणि देठ पोकळ, त्यामुळे उन्हाळ्यात पाणी वर चढायचं जरा थांबलं की मान गेलीच, आणि आपण काय करतो तर बिचाऱ्याला तहान लागली असेल म्हणून फुलदाणी गळ्यापर्यंत भरतो, त्याने तो लवदार देठ अजूनच कुजतो. त्याला दोन-तीन बोटं पाणी पुरतं. पण मी तर म्हणेन या वेळी जरबेरा नकोच, झेंडू आणि निशिगंध घे.

आधी कॅलेंडर बघ. त्या दिवशी लग्नाचा मुहूर्त असेल तर फुलांचे भाव चढलेले असणार, मग फुलं कमी घ्यायची आणि पानं वाढवायची. सकाळी लवकर ठाण्यात जांभळी नाक्याच्या फुलबाजारात जा. निशिगंधाच्या काड्या घेताना खालच्या दोन-तीन कळ्या उमललेल्या आणि वरच्या मिटलेल्या बघून घे, ती खालून वर उमलत जाते म्हणजे संध्याकाळी तुझ्या पार्टीत ऐन भरात असेल, आणि वासही तेव्हाच जास्त येतो. झेंडू दाबून बघ, घट्ट लागला पाहिजे.

घरी आल्यावर लगेच सजवायला बसू नकोस प्लीज. सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे आणि तेच लोक गाळतात. धारदार सुरीने प्रत्येक देठ इंचभर तिरका काप, पाण्यात बुडतील ती सगळी पानं काढून टाक (ती कुजली की पाण्यात जंतू वाढतात आणि देठाची तोंडं बंद होतात) आणि दोन-तीन तास बाथरूममध्ये बादलीभर पाण्यात उभी ठेव. पोटभर पाणी प्यायलेलं फूल हॉलमधली गरमी सोसतं. साखर, अ‍ॅस्पिरिन वगैरे काही नको, एका दिवसासाठी स्वच्छ भांडं आणि स्वच्छ पाणी बास.

फुलदाण्या विकत घेऊ नकोस गं, घरातले स्टीलचे पेले, जॅमच्या बरण्या, पितळेचा तांब्या काढ. तोंड मोठं असेल तर वर सेलोटेपच्या आडव्या-उभ्या पट्ट्या लाव, त्या चौकोनांत देठ सरळ उभे राहतात. फुलं खोचायचा तो हिरवा स्पंज मुळीच आणू नकोस, ते प्लास्टिकच आहे, कुजत नाही. निम्मं काम मनीप्लांट आणि क्रोटनच्या पानांनी होतं. जेवणाच्या टेबलावरची फुलं बुटकीच ठेव, समोरच्याचं तोंड दिसलं पाहिजे. केकच्या टेबलावर परातीत पाणी घालून झेंडू तरंगत सोड.

आणि मेनूत आमरस असणारच, तर आंब्याची पेटी फुलांजवळ ठेवू नका. पिकत्या आंब्यातून इथिलीन नावाचा वायू निघतो, फळ त्याने पिकतं आणि फूल त्याने लवकर सुकतं. पंख्याच्या थेट झोताखालीही नको.

प्रश्न : ऐरोलीला गच्चीवर रात्री आठला छोटं गेट-टुगेदर आहे. मोगरा ठेवायचाय पण तो तोपर्यंत तपकिरी पडतो.

उत्तर : दुपारी आणताना उमललेला आणू नका, टपोऱ्या कळ्याच घ्या. ओल्या फडक्यात किंवा केळीच्या पानात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा, पाहुणे यायच्या तासभर आधी बाहेर काढा. वरून पाणी मारत बसू नका, डाग त्यानेच पडतात. वाटीवाटीने जागोजागी ठेवा, बास, मोगऱ्याला दुसरं काही लागत नाही.

प्रश्न : खारघरला आमच्या रस्त्यावर बहावा आणि ताम्हण फुललेत, बोगनवेल तर सगळीकडे. यातलं काही वापरता येईल?

उत्तर : बहावा आणि ताम्हण तोडू नका हो. ताम्हण आपल्या राज्याचं फूल आहे, झाडावरच छान दिसतं, आणि बहाव्याचा घोस घरी आणेपर्यंत पाकळ्या झडायला लागतात. खाली पडलेल्या ताज्या पाकळ्या मात्र सकाळी वेचून आणा, परातीत पसरा, पिवळाधमक रंग येतो. बोगनवेल सोसायटीतली असेल तर विचारून चार फांद्या घ्या. त्यातलं रंगीत दिसतं ते फूल नाही, पानंच आहेत, कागदासारखी, खरं फूल मधलं इवलंसं पांढरं, म्हणून ती वाळली तरी बराच वेळ रंग टिकवते. काटे तेवढे काढा. जास्वंद तर दिवसभर पाण्याशिवायही तशीच राहते, नुसती टेबलावर मांडा.

फक्त दुभाजकावरची कण्हेर आणू नका, गुलाबी असो की पिवळी. पानं-फुलं सगळीच विषारी आहे ती, आणि पार्टीत पोरं हाताला येईल ते तोंडात घालतात.