थेट हेगेलपासून सुरुवात करू नका

आधुनिक इतिहासाला दिशा असते का, या प्रश्नात शिरताना नवे वाचक सरळ जर्मन तत्त्वज्ञ हेगेल उघडतात आणि प्रस्तावनेतच अडकतात. त्याऐवजी अमेरिकन विचारवंत फ्रान्सिस फुकुयामांच्या 'इतिहासाचा अंत?' या १९८९च्या निबंधाने सुरुवात करा. तो एका बैठकीत वाचून होतो. तारीख नीट पाहा: निबंध उन्हाळ्यातला, बर्लिनची भिंत पडली ९ नोव्हेंबरला. 'भिंत पडल्याच्या उत्साहात लिहिलं' ही टीका तिथेच गळून पडते. घडामोडी, युद्धं थांबतील असंही ते म्हणत नाहीत; उदारमतवादी लोकशाहीला तोडीस तोड विचार उरला नाही, एवढाच दावा आहे. मग कोजेव्ह, म्हणजे ज्याच्या हेगेल-वाचनावर फुकुयामा उभे आहेत तो तत्त्वज्ञ; त्यातून निबंधात हेगेल कुठून आला ते कळेल. मार्क्स त्यानंतर.

पण खरा कस लागतो तो आंबेडकरांच्या २५ नोव्हेंबर १९४९च्या भाषणाशी हा निबंध ताडून पाहताना. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, हा अंतर्विरोध टिकला तर लोकशाहीच धोक्यात येईल, असं ते बजावतात. म्हणजे संविधान स्वीकारून प्रवास संपत नाही. भाषण संविधान सभेच्या वादविवादांच्या अकराव्या खंडात आहे. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात किंवा फोर्टला एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात चौकशी करा. उतारे नकोत, पूर्ण वाचा. राजकारणातल्या भक्तीबद्दलचा, म्हणजे व्यक्तिपूजेबद्दलचा, इशारा सगळे उद्धृत करतात, बंधुतेवरचा भाग सुटतो, आणि माझ्या मते गाभा तोच आहे.

टिपणं काढताना वहीच्या डाव्या पानावर लेखकाचा दावा, उजव्यावर तुमचा आक्षेप. दोन्ही एकाच पानावर मिसळलं की महिन्याभराने कोण काय म्हणालं तेच कळत नाही.