नीटचा तिसरा प्रयत्न आणि पेशींचं गणित

प्रश्न : माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे. बारावीला गणितात 96 आणि बायोलॉजीत 91 होते. नीट दोनदा दिली, दोन्ही वेळेला सरकारी कॉलेज मिळेल इतके मार्क पडले नाहीत. आता तिसऱ्यांदा क्लास लावलाय. क्लासची फी भरल्यावर ती म्हणाली, मला डॉक्टर व्हायचं नाही, पेशी मरायचं कधी आणि कसं ठरवते त्याचं गणित मांडायचंय. तेव्हापासून हे तिच्याशी बोलत नाहीत. फोन काढून घेतलाय. ती सगळ्यांचं झाल्यावर एकटी जेवते, मैत्रिणींकडेही जात नाही. हे म्हणतात, गणित आणि बायोलॉजी एकत्र करून कोणाचं पोट भरलंय? आणि मरणाचा अभ्यास हे कसलं खूळ? त्या शब्दाची मलाही भीती वाटते. तिला नीटसाठी पुन्हा कसं तयार करावं?
– एक आई, सिंहगड रोड, पुणे

उत्तर :

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मलाही काळजी वाटली, पण ती वेगळ्याच ओळींची. एकोणीस वर्षांची मुलगी घरात असून एकटी जेवते, वडील बोलत नाहीत, फोन नाही, मैत्रिणी सुटल्या. हे सगळं तुम्ही जाता जाता लिहिलंय आणि प्रश्न मात्र नीटचा विचारलाय. मला आधी या चार गोष्टींबद्दल बोलायचंय.

फोन आजच परत द्या. आज रात्री तिला तुमच्यासोबत जेवायला बसवा आणि त्या जेवणात परीक्षेचा विषय काढू नका. ती झोपते का, पूर्वी आवडायचं ते काही अजून करते का, याकडे लक्ष द्या. उत्तर नाही असं असेल तर क्लासच्या सरांना भेटण्याआधी तिला समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, तिथे पालकही बोलू शकतात. आणि तिच्या बाबांना माझ्यातर्फे स्पष्ट सांगा की अबोला धरून मुलं अभ्यासाला लागत नाहीत, घरापासून तुटतात.

आणखी एक. पत्रात जागोजागी ‘हे म्हणतात’ आहे. तुमचं स्वतःचं मत म्हणून फक्त भीती आहे. मुलीच्या तोंडचं तर एकच वाक्य आहे, आणि सगळ्या पत्रात मला तेच सर्वांत विचारपूर्वक बोललेलं वाटलं.

त्या वाक्यातलं ‘मरण’ अजिबात अभद्र नाही. गर्भात असताना आपली बोटं सुटी होतात ती त्यांच्यामधल्या पेशी वेळेवर मरतात म्हणून. सी. एलेगन्स नावाचा जेमतेम मिलिमीटरभर लांबीचा कृमी आहे. त्याचं शरीर घडताना 1,090 पेशी तयार होतात आणि त्यांतल्या 131 मरतात. त्याच 131, दर वेळी. या कृमीवरच्या कामाला 2002 मध्ये वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. मरायला हव्यात त्या पेशी मरेनाशा झाल्या तर कॅन्सरला वाट मिळते, आणि टिकायला हव्यात त्या मरू लागल्या तर मेंदूचे काही आजार होतात. तुमच्या मुलीने रस्ता बदललाय, पण आजार आणि माणसं यांच्याकडे पाठ फिरवलेली नाही.

आता तिच्या बाबांचा गैरसमज. ज्याला गणित जमत नाही त्याने बायोलॉजी घ्यावी, हे आपल्याकडे अकरावीच्या प्रवेशापासून मुलांच्या डोक्यात भरवलं जातं आणि त्यात फार नुकसान झालंय. पेशीत कॅस्पेज नावाची एन्झाइम्स असतात. ती जागी झाली की पेशी आतून पद्धतशीर मोडली जाते. त्यांना थोपवणारी प्रथिनंही तिथेच असतात. पण थोडी कॅस्पेज सुटली की ती आणखी कॅस्पेज जागी करतात. अर्धवट मेलेली पेशी शरीराला त्रासाचीच, त्यामुळे निर्णय इकडे किंवा तिकडे ठाम व्हावा लागतो. विजेचा खटका हळूहळू दाबत गेलं तर बराच वेळ काही होत नाही आणि मग तो एकदम पडतो, तसं हे वागतं. हे नुसत्या आकृत्या काढून कळत नाही. कोणतं प्रथिन किती वेगाने बनतं, किती वेगाने नष्ट होतं, कोण कोणाला अडवतं, याची डिफरन्शियल समीकरणं मांडावी लागतात. ती सोडवली की दोन स्थिर अवस्था निघतात, जगणं आणि मरणं, आणि मधली कुठलीच टिकत नाही. एकाच औषधाचा सारखाच डोस दिलेल्या, जनुकं सारखी असलेल्या पेशींपैकी काही लवकर मरतात, काही कित्येक तासांनी, काही वाचतात. कारण प्रत्येकीत या प्रथिनांचं प्रमाण थोडंथोडं वेगळं असतं. केमोथेरपीनंतर काही पेशी का उरतात, याच्या उत्तराचा एक भाग या गणितात आहे. व्हेनेटोक्लॅक्स हे ब्लड कॅन्सरचं औषध अमेरिकेत 2016 मध्ये मंजूर झालं. पेशीला मरू न देणारं बीसीएल-2 नावाचं प्रथिन आहे, त्यालाच ते औषध निकामी करतं. गणितात 96 मिळवणाऱ्या मुलीला हे खुणावलं, यात मला तरी नवल वाटत नाही.

पोट भरण्याचा प्रश्न मात्र रास्त आहे. हा रस्ता लांब आहे. पदवी, मास्टर्स, मग पाचेक वर्षं पीएचडी. पीएचडीच्या सुरुवातीला सरकारी फेलोशिप 2023 पासून महिना 37,000 रुपये आहे, ती मिळवायलाही परीक्षा आहे. प्राध्यापकाच्या जागा थोड्या आहेत, आणि हे तिलाही माहीत असायला हवं. पण या वाटेवर प्रोग्रॅमिंग, संख्याशास्त्र आणि मॉडेलिंग हाताशी येतं, त्याला औषध कंपन्यांत आणि डेटाच्या कामात मागणी आहे.

प्रवेशाचं थोडक्यात : आयसर आणि नायसर या मूलभूत विज्ञान शिकवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्था आहेत. आयसरसाठी आयएटी आणि नायसरसाठी नेस्ट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. बारावी कोणत्या वर्षीची चालते ते आधी माहितीपत्रकात पाहा. नाहीतर पुण्यातल्याच चांगल्या कॉलेजात गणित किंवा संख्याशास्त्रात बीएस्सी. पाषाणचं आयसर आणि विद्यापीठाच्या आवारातलं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, दोन्ही तुमच्या शहरात आहेत. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास अशा संस्थांत लोकांसाठी कार्यक्रम असतात. तिच्या बाबांनी तिच्यासोबत जावं.

मुलीलाही एक सांगायचंय. एखादं व्याख्यान ऐकून भारावून जाणं वेगळं आणि रोज समीकरणांशी झटणं वेगळं. एकमेकांना वाढवणाऱ्या दोन प्रथिनांचं छोटं मॉडेल, म्हणजे त्यांची समीकरणं, पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत तू स्वतः लिही, आकडे बदलून आलेख काढ. चुका सापडत नाहीत म्हणून रात्री चिडलीस आणि सकाळी पुन्हा तिथेच बसलीस, तर पुढे जा. आणि आत्ताच एका विषयाला बांधून घेऊ नकोस. गणित पक्कं कर, पेशीच्या मरणाचा प्रश्न आणखी चार-पाच वर्षांनीही शिल्लक असेल.

क्लासचा पुढचा हप्ता, ताई, तिला विचारल्याशिवाय भरू नका. आणि हे उत्तर तिच्या हातात द्या. पुढचं पत्र तिने स्वतः लिहिलं तर कोणत्या कॉलेजात कोणते विषय घ्यायचे ते तिला सविस्तर कळवते.