रात्री तीनला घाम, सकाळी रडू

प्रश्न : ताई, मी ४८ वर्षांची, ऐरोलीला राहते, ऑफिस ठाण्याला. पाळी चार-चार महिने येत नाही, रात्री तीनला घामाने उशी ओली होते आणि परवा आमटीत मीठ जास्त पडलं तर ओट्यापाशीच रडत बसले. मिस्टर म्हणतात डिप्रेशन आहे, नणंद म्हणते हार्मोनच्या गोळ्यांनी कॅन्सर होतो. काय करू?

उत्तर : अगं, तुझं डोकं फिरलेलं नाही. पाळी जाण्याच्या या काळात इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन खालीवर होतं, झोप मोडते, मग मनही कोलमडतं. घामावर एचआरटी, म्हणजे नणंद म्हणते तीच हार्मोनची औषधं, सगळ्यात जास्त गुण देते. कॅन्सरची भीती बरीचशी २००२ च्या अमेरिकन अभ्यासातून आली, पण त्यातल्या बायकांचं सरासरी वय होतं ६३, तुझं ४८. साठीच्या आत, तब्येत बरी असेल तर बहुतेकींना फायदाच जास्त. गर्भाशय असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन हवंच. वर्षानुवर्षं घेतलं तर ब्रेस्ट कॅन्सरचा धोका थोडा वाढतो हे मी लपवणार नाही, आणि स्वतःला तो झालेला असेल किंवा पायात रक्ताची गुठळी झाली असेल तर सहसा देत नाहीत. गोळीपेक्षा जेल किंवा पॅचने गुठळीचा धोका कमी, हे गायनॅकला नक्की विचार, बीपी आणि थायरॉईडही तपासून घे. केमिस्टकडून परस्पर काही आणू नकोस गं.

आणि उदासी दोन आठवडे हटत नसेल तर मिस्टरांचंही ऐक, ते वेगळं दुखणं असू शकतं, त्याचे वेगळे उपचार आहेत. जगणं नकोसं वाटलं तर त्याच क्षणी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लाव, फुकट आहे, मराठीत बोलतात.