वाचकांचे प्रश्न: लांब पल्ल्याची ट्रायथलॉन

या वेळची बहुतेक पत्रं पूर्ण अंतराच्या शर्यतीबद्दल आहेत: ३.८ किमी पोहणं, १८० किमी सायकल आणि ४२.२ किमी धावणं. निम्म्याहून जास्त पत्रांत तक्रार पायांची नाही, पोटाची आहे. म्हणून सुरुवात तिथून.

प्रश्न: अर्ध्या अंतराच्या शर्यतीत सायकलवर दर अर्ध्या तासाला एक जेल (पाकिटातून पिळून खायचा दाट, गोड खुराक) घेतलं, बाटलीत एनर्जी ड्रिंक होतंच. साठ किलोमीटरनंतर पोट फुगलं आणि धावताना जेल बघूनच मळमळायला लागलं. पूर्ण अंतरात काय करू?

आधी हिशेब मांडू. एका जेलमध्ये साधारण २२ ते २५ ग्रॅम कर्बोदकं असतात. तासाला दोन म्हणजे ५० ग्रॅमच्या आत-बाहेर. बाटलीतल्या पेयातून आणखी ४० ग्रॅम धरले तर तासाला ९० ग्रॅम होतात. सवय असलेल्या माणसाला हा आकडा झेपतो. तुमची गडबड तीन ठिकाणी झालेली दिसते.

पहिली म्हणजे जेलवर तुम्ही गोड पेय प्यायलात. त्यामुळे पोटातलं मिश्रण इतकं दाट होतं की ते पुढे सरकतच नाही. उलट ते पातळ करायला आतडं शरीरातलंच पाणी ओढून घेतं, आणि पोट डचमळू लागतं. जेल घ्याल तेव्हा सोबत साधं पाणीच हवं, दीडशे-दोनशे मिली.

दुसरी साखरेच्या प्रकाराची. ग्लुकोज आणि माल्टोडेक्स्ट्रिन (ग्लुकोजच्याच साखळ्या) आतड्यातून एकाच वाटेने शोषले जातात आणि ती वाट तासाला सुमारे ६० ग्रॅमवर भरते. वरचं सगळं आतड्यात पडून राहतं. फ्रुक्टोजची वाट वेगळी आहे. त्यामुळे ६० ग्रॅमच्या पुढे जायचं असेल तर ग्लुकोज (किंवा माल्टोडेक्स्ट्रिन) आणि फ्रुक्टोज दोन्ही असलेलं उत्पादन निवडा. पाकिटावरची घटकांची यादी वाचायला एक मिनिट लागतं, आणि तरी ती फारच थोडे जण वाचतात.

तिसरी गोष्ट वेगाची. जोर वाढला की रक्त पायांकडे आणि त्वचेकडे जातं, पचनाच्या वाट्याला कमी येतं. ऊन असेल तर आणखीच कमी. पोट बिघडलं असं वाटतं तेव्हा पुष्कळदा सायकल झेपेल त्याहून जोरात चाललेली असते.

पोटालाही सराव लागतो. लांबच्या राइडला तासाला ४० ग्रॅमपासून सुरू करा आणि दर एक-दोन आठवड्यांनी १० ग्रॅम वाढवा. शर्यतीत वापरायचं तेच जेल, तेच पेय, त्याच वेळापत्रकाने. शर्यतीच्या दिवशी पाण्यातून बाहेर आल्यावर १५-२० मिनिटं नुसते घोट घ्या आणि श्वास बसला की खायला लागा. सायकलचा शेवटचा अर्धा तास घन पदार्थ टाळा. धावताना आकडा आपोआप ४०-५० वर येतो, त्यामुळे भरणा सायकलवरच करावा लागतो.

आणि मळमळ सुरू झालीच तर? खाणं थांबवा, १०-१५ मिनिटं वेग उतरवा, साध्या पाण्याचे छोटे घोट घ्या. मग अर्ध्या जेलने पुन्हा सुरुवात करा. थांबण्याऐवजी 'मागे पडलो' म्हणून एकदम दोन जेल घेणं ही नेहमीची चूक, आणि तिचा शेवट बहुतेक वेळा उलटीत होतो.

प्रश्न: पाणी नेमकं किती प्यायचं? मिठाच्या गोळ्या हव्यातच का?

मोजून बघा. तासभर शर्यतीच्या वेगाने सायकल चालवा. आधी आणि नंतर अंग पुसून, कपड्यांशिवाय वजन करा. जितके किलो घटले, तितके लिटर अधिक मध्ये प्यायलेलं पाणी म्हणजे तुमचा तासाचा घाम. हा सगळा भरून काढायचा नसतो, थोडी तूट चालते. घामापेक्षा जास्त पिणं मात्र धोक्याचं आहे, कारण त्याने रक्तातलं सोडियम पातळ होतं. बोटं सुजणं, डोकेदुखी, उलटी, गोंधळल्यासारखं वाटणं ही त्याची लक्षणं आहेत. तेव्हा आणखी पाणी न पिता वैद्यकीय तंबू गाठा. मिठाने ही अडचण सुटत नाही, अति पिणं थांबवल्याने टळते. एरवी पेयाच्या लिटरमागे ५०० मिग्रॅ सोडियम ही बऱ्याच जणांना चालणारी सुरुवात आहे. १ ग्रॅम साध्या मिठात सुमारे ४०० मिग्रॅ सोडियम असतं, यावरून गोळ्यांचा हिशेब लावता येईल.

प्रश्न: १७ तास मिळतात. तलावात १०० मीटरला २ मिनिटं ४५ सेकंद लागतात. शेवटी सगळं चालत गेलो तरी जमेल ना?

नाही जमणार. सर्रास दिसणारे कट-ऑफ (ज्या वेळेनंतर शर्यतीतून बाद करतात) धरू: पोहणं २ तास २० मिनिटं, सायकल शर्यतीच्या सुरुवातीपासून १० तास ३० मिनिटं, एकूण १७ तास. तुमच्या गतीने ३.८ किमीला १ तास ४५ मिनिटं लागतील. खुल्या पाण्यात सरळ रेषा कोणाचीच राहत नाही, म्हणून १ तास ५० धरा. कपडे बदलायला १० मिनिटं. सायकलला उरले साडेआठ तास, म्हणजे थांबे धरून ताशी २१.२ किमीची सरासरी. पंक्चर आणि लघवीसाठी मिळून २० मिनिटं गेली तर उरलेल्या वेळात ताशी २२ हवेत. त्यानंतरच्या साडेसहा तासांतून दुसऱ्या बदलाची (सायकलवरून धावण्याकडे) १० मिनिटं वजा जाता किलोमीटरला ९ मिनिटं उरतात. १० मिनिटांत किलोमीटर ही चालण्याची चांगलीच झपाझप गती आहे, आणि तीही इथे पुरत नाही. तेव्हा धावणं-चालणं मिसळा, उदाहरणार्थ ४ मिनिटं धाव, १ मिनिट चाल, आणि ते पहिल्या किलोमीटरपासून, दमल्यावर नाही. मधले कट-ऑफ प्रत्येक शर्यतीचे वेगळे असतात, स्पर्धकांची माहितीपुस्तिका बघा.

प्रश्न: सुरुवातीच्या गर्दीत श्वास अडकतो आणि घाबरायला होतं.

बहुतेकदा श्वास आत घेता येत नाही असं वाटतं, पण अडचण बाहेर सोडण्याची असते. तोंड पाण्यात असताना बुडबुडे सतत सोडत राहा. कडेला उभे राहा, पहिली २०० मीटर मुद्दाम हळू पोहा. वेटसूट (पोहताना घालायचा अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख) छातीवर घट्ट वाटत असेल तर खांद्यापाशी वर ओढून घ्या, ढिला भाग काखेत यायला हवा. दर ६ ते १० हातांना डोळे पाण्याबाहेर काढून दिशेची खूण बघा. पण खोकला थांबत नसेल, फेसाळ किंवा गुलाबी थुंकी येत असेल तर ही घबराट नव्हे. लगेच हात वर करून मदत मागा.

प्रश्न: पॉवर मीटर (पायडलवर लागणारी शक्ती मोजणारं उपकरण) नाही. सायकलचा जोर कसा ठरवू?

पूर्ण वाक्य न अडखळता बोलता येईल इतका. चढावर उभं राहून रेटू नका, हलका गिअर टाका. पहिल्या तासात सगळे पुढे जात असतील तर जाऊ द्या. मीटर असलेल्यांनी तासभर टिकणाऱ्या कमाल शक्तीच्या ६५ ते ७२ टक्क्यांत राहावं, पहिल्यांदाच उतरणाऱ्यांनी खालच्या टोकाला.

प्रश्न: नवी ट्यूब घातली आणि पाच मिनिटांत पुन्हा पंक्चर!

काच किंवा तार टायरमध्येच राहिली होती. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट हळू फिरवा (जपून, कापतं). ट्यूबमध्ये थोडी हवा भरून मगच बसवा, म्हणजे ती टायर आणि रिमच्या मध्ये चिमटत नाही. खोल रिम असेल तर ट्यूबचा व्हॉल्व्ह तेवढाच लांब हवा, हे आदल्या दिवशी तपासा. कार्बन डायऑक्साइडच्या काडतुसाने भरलेली हवा ट्यूबमधून लवकर झिरपते. शर्यत निभावते, पण घरी आल्यावर ती काढून पंपाने साधी हवा भरा.