'जी व्हिज'मधला 'जी' कोणाचा?

प्रश्न असा आला आहे: कार्ला टॉमस या अमेरिकन सोल (कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या गाण्याचा एक प्रकार) गायिकेच्या 'जी व्हिज (लुक अ‍ॅट हिज आइज)' या गाण्यातील 'जी व्हिज'चा नेमका अर्थ काय, मराठीत त्याला 'अय्या' म्हटलेले चालेल का, आणि ते देवनागरीत कसे लिहावे?

आश्चर्य, कौतुक, लाजरा हर्ष हे अर्थ कोणत्याही कोशात मिळतील. त्यांवर मी वेळ घालवत नाही. मात्र हा 'जी' म्हणजे 'जी हुजूर'मधला आदरार्थी 'जी' आहे, असे मी आजवर निदान तीनदा ऐकले आहे, आणि एका सुशिक्षित गृहस्थांनी तर त्या आधारावर 'अहो, त्याचे डोळे बघा' असे भाषांतरही मला ऐकवले. तो हा नव्हे. घोड्याला उजवीकडे वळवताना इंग्रजी गाडीवान 'जी' म्हणतो, तोही हा नव्हे. हा 'जी' म्हणजे जीझस, म्हणजे येशूच्या नावाचा ओठांबाहेर पडलेला पहिला तुकडा. उरलेले नाव बोलणाऱ्याने गिळले आहे.

परमेश्वराचे नाव व्यर्थ घेऊ नये, अशी बायबलमधील दहा आज्ञांपैकी एक आज्ञा आहे. माणूस चकित झाला की नाव तोंडातून निसटू पाहते आणि संस्कार त्याला दाराशीच अडवतो. या झटापटीतून 'गॉड'चे 'गॉश' आणि 'गॉली' झाले, 'हेल'चे 'हेक' झाले, 'डॅम'चे 'डार्न' झाले. फ्रेंचांनी तर शपथेतल्या देवाच्या जागी त्याच्याशी यमक साधणारा 'निळा' हा शब्द बसवून मोकळे झाले. 'जी' अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात याच वाटेने आला. 'व्हिज' हा 'विझार्ड'चा, म्हणजे जादूगाराचा, संक्षेप असल्याचे छातीठोकपणे सांगणाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे: मग त्याच काळातल्या 'जी व्हिलिकिन्स' या उद्गारातला 'व्हिलिकिन्स' कोणाचा संक्षेप? शेपटाला अर्थ नसतो. नाव झाकणे एवढेच त्याचे काम.

आता गाण्याकडे पाहिले की या व्युत्पत्तीला खरी चव येते. कार्ला मेम्फिसची. वडील रूफस टॉमस स्वतः गायक आणि डब्ल्यूडीआयए या कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठीच्या नभोवाणी केंद्रावरचे निवेदक. त्याच केंद्राच्या 'टीन टाउन सिंगर्स' या मुलांच्या गायकवृंदात ती लहानपणापासून गात होती. हे गाणे तिने शाळकरी वयात स्वतः लिहिले आणि 1960 मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, जिम स्टुअर्ट आणि त्याची बहीण एस्टेल अ‍ॅक्स्टन यांच्या सॅटेलाइट या लहानशा कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केले. (हीच कंपनी पुढल्या वर्षी स्टॅक्स झाली.) मागे व्हायोलिनांचा मेळ आणि पुढे एका मुलाच्या डोळ्यांवर भाळलेली मुलगी, एवढाच त्याचा ऐवज. अ‍ॅटलांटिक या मोठ्या कंपनीने ते देशभर पोचवले आणि 1961 च्या आरंभी ते बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत दहाव्या व रिदम अँड ब्लूजच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेले.

सोल संगीत घडले तेच मुळी चर्चमधल्या गाण्यातून देव वगळून तिथे प्रियकर किंवा प्रेयसी बसवल्याने. गायक-पियानोवादक रे चार्ल्स यांनी 1954 मध्ये येशूवरच्या एका भक्तिगीताच्या चालीवर 'आय गॉट अ वुमन' बेतले आणि पुष्कळ भाविकांचा रोष ओढवून घेतला. माझे म्हणणे असे की, जे त्यांनी अख्ख्या गाण्याचे केले, तेच 'जी व्हिज'ने दोन अक्षरांत केले आहे: येशूच्या नावाला अर्ध्यावर थोपवून मुलगी थेट त्या मुलाच्या डोळ्यांकडे वळते. सोल संगीताचा सगळा इतिहास त्या शीर्षकात दडला आहे, असे मी म्हणतो. सतरा वर्षांच्या मुलीला यातले काही ठाऊक नव्हते आणि 1960 पर्यंत हा उद्गार झिजून निरर्थक झाला होता, असा आक्षेप कोशवाले मित्र घेतात. नसेल ठाऊक, पण व्युत्पत्ती बोलणाऱ्याच्या परवानगीने चालत नाही. 'अरे शिंच्या' म्हणून नातवाच्या पाठीवर थाप मारणाऱ्या आजोबांना तो शब्द 'शिंदळीच्या'चा संक्षेप आहे, हे कुठे आठवत असते? म्हणून शब्दाने आपले मूळ बदलले काय?

हा 'शिंच्या'च मराठीतला 'जी'चा खरा भाऊबंद आहे, 'अय्या' नव्हे. 'च्यायला'ही त्याच कुळातला. पुढचा 'तुझ्या' किंवा 'त्याच्या' कापला की शिवी घरात चालण्याजोगी होते. आपण शिवी कापतो, देव कापत नाही, कारण आपल्याकडे नाव व्यर्थ जातच नाही. मुलाला हाक मारताना 'नारायण' म्हणणारा अजामिळ तरून गेला, मग दचकून 'अरे रामा' म्हणणाऱ्याला कसली भीती? नाव गिळण्याची सक्ती आपण देवाऐवजी नवऱ्याच्या नावाला लावली आणि त्यातून 'अहो', 'इकडून' हे प्रकार काढले.

'अय्या' वयाला आणि प्रसंगाला शोभतो, म्हणून भाषांतरात खुशाल वापरावा. फक्त त्यामागे गिळलेले नाव नाही, हे ध्यानात असू द्यावे. लेखनाचे म्हणाल तर 'जी व्हिज' हेच ठीक आहे. मात्र उच्चारताना पहिला ज 'जीभ'मधला आणि दुसरा 'आवाज'मधला आहे, हे विसरू नये. दोन्ही सारखे म्हणणाऱ्या निवेदकांनी गेल्या महिन्याभरात मला दोनदा नभोवाणी बंद करायला लावली आहे.